पंधरा मिनिटं नुसतं बसणं: कुणी करतं का?

अर्धविराम

मंडळी, धाग्याचं नाव वाचून ध्यानधारणेचं काही असेल म्हणून आला असाल तर आधीच सांगते, तसं काही नाही. श्वास मोजणं, मंत्र, चक्रं यातलं मला काही येत नाही. गेले साडेचार महिने रोज सकाळी मी पंधरा मिनिटं खुर्चीत नुसती बसते. फोन दुसऱ्या खोलीत, हात रिकामे, डोळे उघडे. एवढंच.

सुरुवात अगदी फालतू कारणाने झाली. एका रात्री वाचत बसले होते आणि फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबला. रोजच थांबतो. थांबताना आमचा फ्रीज एकदा अंग झटकतो, दारातल्या काचेच्या बाटल्या एकमेकींवर किणकिणतात आणि मग सगळं गप्प. त्या क्षणी माझे खांदे खाली आले. म्हणजे तोवर ते वर होते! किती वेळ, देव जाणे. घर शांत आहे अशा समजुतीत तासभर वाचन चाललं होतं, आणि शांतता आत्ता कुठे सुरू होत होती.

मग आवाज मोजायचं खूळ डोक्यात शिरलं. फोनवरचं मीटर काही फार अचूक नसतं, पण रात्री झोपायच्या खोलीत ते ३८-४० डेसिबल दाखवत होतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली झोपायच्या खोलीसाठी ३० डेसिबलची मर्यादा सुचवली होती. वाटलं, आठ-दहाच तर जास्त आहेत. पण डेसिबलचा हिशोब तसा नसतो. दहाने आकडा वाढला की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो.

आवाजाचं जमेल तेवढं केलं. मग लक्षात आलं की खोली गप्प झाली तरी मी गप्प नाही. म्हणून ही खुर्ची.

पहिले दोन आठवडे नको नको झालं. तिसऱ्या मिनिटाला पाय हलायला लागायचा. भरायची राहिलेली बिलं, दहा वर्षांपूर्वी कुणाला तरी दिलेलं तिरकस उत्तर, कपाटाचं न लागणारं दार, सगळं एकदम दारात येऊन उभं. मीच एकटी अशी बावळट असं वाटत होतं, तेव्हा २०१४ साली गाजलेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. टिमथी विल्सन हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं स्वतःच्या विचारांसोबत बसवलं. सोबतीला एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका. हा झटका टाळायला पैसेसुद्धा देऊ, असं आधी स्वतःच म्हणालेल्या या लोकांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी निदान एकदा तरी स्वतःला तो देऊन घेतला. एका महाभागाने १९० वेळा! त्यामानाने माझा हलणारा पाय बराच म्हणायचा.

आता फायद्याचं. मनःशांती वगैरे मिळालेली नाही, त्या पंधरा मिनिटांत तर नाहीच. बदललंय ते भलतंच, माझं बोलणं. समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायची मला जुनी खोड. परवा बहिणीशी फोनवर बोलत होते. ती मध्येच थांबून म्हणाली, "आहेस ना? आवाज येतोय का?" मी होते. नुसती ऐकत होते. माझं ऐकणं तिला रेंज गेल्यासारखं वाटलं!

कुणाला असा अनुभव? आणि हे नुसतं बसणं आहे की मी नकळत ध्यानच करतेय?

शंकासुर

धागा आवडला, विशेषतः फ्रीज. पण पुढचे प्रतिसाद कुठल्या दिशेला जातील ते दिसतंय, म्हणून आधीच एक काडी टाकून ठेवतो.

"रोज दोन तास शांत राहिल्याने मेंदूत नव्या पेशी तयार होतात" हा ढकलसंदेश सगळ्यांनी वाचला असेल. तो प्रयोग २०१३ सालचा आणि उंदरांवरचा. उंदरांना रोज दोन तास शांततेत ठेवलं, तर हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी जास्त दिसल्या हे खरं. पण त्याचं कारण म्हणजे उंदीर निवांत झाले, असं संशोधकही म्हणत नाहीत. त्यांचा तर्क उलटा आहे: अनैसर्गिक शांततेने उंदीर सावध झाले असावेत. जंगलात एकाएकी सामसूम झाली तर कान टवकारायचे असतात. माणसाबद्दल त्यावरून काहीच म्हणता येत नाही.

मला त्यापेक्षा दोन साधे प्रयोग पटतात. एक २००६ चा. लुचियानो बर्नार्दी हे इटलीतले डॉक्टर वेगवेगळ्या संगीताचा श्वासावर आणि रक्तदाबावर काय परिणाम होतो ते पाहत होते. मध्ये दोन मिनिटांची शांतता त्यांनी टाकली होती, आणि त्या दोन मिनिटांतच लोक सर्वांत सैलावले. संगीत सुरू होण्याआधी जे शांत बसले होते त्याहूनही जास्त. म्हणजे नुसती शांतता नव्हे, आवाज *थांबल्यानंतरची* शांतता. तुमचा फ्रीज नेमका तिथेच बसतो.

दुसरा २०१२ चा. वयस्कर लोकांना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एकीनंतर दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत स्वस्थ बसवलं, दुसरीनंतर चित्रांतले फरक शोधायचा खेळ दिला. सात दिवसांनी विचारलं, तर स्वस्थ बसण्याआधीची गोष्ट जास्त आठवत होती. कारण साधं आहे: नवं काही ऐकल्यावर मेंदूला ते मुरवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण वर दुसरं ओततो. वाचून झालं की लगेच फोन उचलण्याची माझी सवय या एका प्रयोगाने मोडली.

पाचवा_मजला

घरात चार आणि दीड वर्षांची दोन पात्रं आहेत. पंधरा मिनिटं शांतता झाली तर मी बसत नाही, धावत जाऊन बघते की कशाची वाट लावलीये. (हलके घ्या.)

पण खरं सांगू का, घरी पोचल्यावर गाडीचं इंजिन बंद करते आणि लगेच उतरत नाही. चार मिनिटं. इंजिन थंड होताना बॉनेटखालून टिक, टिक असा आवाज येतो, आधी भराभर आणि मग लांबत लांबत. तो थांबला की वर जाते. माझं खातं तेवढ्यावर चालतं.

खडूफळा

तीस वर्षं शिकवतोय, म्हणून राहवलं नाही.

मेरी बड रो नावाच्या एक शिक्षणतज्ज्ञ होत्या. वर्गातल्या बोलण्याचे तासन्‌तास ध्वनिमुद्रण ऐकून १९७४ साली त्यांनी मांडलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तेवढ्यात हात वर नाही आला की दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून मोकळे होतात. हीच थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली तर मुलांची उत्तरं लांबतात, "येत नाही" कमी होतं, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात.

वाचल्यावर वाटलं, तीन सेकंदांत काय मोठं! दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. हात पाठीमागे धरले आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागलो. एक... दोन... दुसऱ्या पेराला घाम. पन्नास डोळे तुमच्याकडे बघतायत आणि तुम्ही नुसते उभे. प्रश्नच चुकीचा विचारला की काय असं वाटायला लागतं. तोंडातून इशारा निसटतोच.

आता पाच पेरं सहज जमतात. चौथ्या पेराला मागच्या बाकावरून जे येतं ते पहिल्या बाकावरच्या झटपट उत्तरापेक्षा बरेचदा चुकीचं असतं, पण स्वतःचं असतं. अर्धविराम ताई, तुमच्या बहिणीला फोनवर मिळालं ते हेच असावं.

रातकिडा

विरोधी मत नोंदवतो, रागावू नका.

मला सहा वर्षांपासून कर्णनाद आहे. डाव्या कानात एक बारीक शिट्टी, चोवीस तास. तुम्ही ज्याला शांतता म्हणता ती माझ्यासाठी त्या शिट्टीचा मंच. बाहेरचे आवाज मावळत जातात तशी ती पुढे येते. रात्री दोनला सगळं जग निजलेलं असतं आणि माझ्या डोक्यात एकजण मन लावून वाजवत असतो.

पहिल्या वर्षी मी शांततेच्याच मागे लागलो होतो. जाड पडदे, कानात बोळे, दारं घट्ट बंद. त्रास वाढत गेला. कानाच्या डॉक्टरांनी समजावलं की कानाकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपली आवाजाची कळ वर फिरवतो, त्यामुळे बोळे घालून उलट होतं. तेव्हापासून रात्री पंखा, किंवा हळू आवाजात पावसाचं ध्वनिमुद्रण. शिट्टी बुडेल इतकं मोठं नाही, सोबत होईल इतकंच.

तेव्हा "शांततेचे फायदे" असं सरसकट लिहिताना जरा जपून.

शंकासुर

@रातकिडा, अगदी मान्य. तसं पाहिलं तर ठणठणीत कानालाही पूर्ण शांतता मिळत नाही. जॉन केज हे संगीतकार १९५१ च्या सुमारास हार्वर्डमधल्या प्रतिध्वनिरहित खोलीत गेले, तर त्यांना दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि एक जाड. जाड आवाज रक्ताभिसरणाचा, असं त्यांना सांगण्यात आलं. बारीक आवाज मज्जासंस्थेचा असंही सांगितलं गेलं, ते मात्र आज फारसं कुणी मानत नाही. तो बहुधा तुमच्या शिट्टीचाच भाऊबंद.

कोरीपाटी

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

आमच्या घरात शांतता खूप होती. वडील रागावले की बोलणं बंद करायचे. एकदा अकरा दिवस. आम्ही भावंडं पावलं न वाजवता चालायला शिकलो होतो. ताट वाजलं तरी आई बघायची. अजूनही कुणी फोनवर दोन सेकंद थांबलं की माझ्या पोटात गोळा येतो आणि मी काहीबाही बडबडायला लागते. मैत्रिणी म्हणतात तू फार बोलकी. बोलकी कसली, घाबरट आहे.

आपल्याकडे याला निराळा शब्द आहे, अबोला. तो *धरावा* लागतो. मौन पाळतात, शांत राहतात, गप्प बसतात, पण अबोला धरतात. कुणाच्या तरी गळ्याशी धरल्यासारखा. बाहेरून ऐकलं तर मौन आणि अबोला सारखेच ऐकू येतात, आणि लहान मुलाला त्यातला फरक कळायला मार्ग नसतो. गांधीजी सोमवारी मौन पाळायचे आणि लागेल ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे, हे पहिल्यांदा शाळेत ऐकलं तेव्हा मला प्रश्न पडला होता: ते कुणावर रागावले असतील?

म्हणून विचारते, तुम्ही खुर्चीत बसता तेव्हा घरच्यांना माहीत असतं ना, की त्यांच्यावर काही नाही म्हणून?

अर्धविराम

कोरीपाटी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. नाही, मी घरात नीट सांगितलं नव्हतं. काल मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं तुला कुणीतरी काहीतरी बोललंय." साडेचार महिने!

आता बसायच्या आधी सांगून बसते. वेळही सांगते, म्हणजे संपणार कधी ते माहीत असतं. अबोला संपणार कधी हे कुणालाच माहीत नसतं, बहुतेक तोच त्याचा काच.

रुळांलगत

छान चाललंय. आता जरा मीठ टाकतो.

आमची इमारत रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. पहाटे पहिली गाडी जाते तेव्हा खिडकीची काच तिच्या आधी थरथरते, मग आवाज येतो. मी कुठल्या खुर्चीत बसू? वर शांततेबद्दल जे लिहिलंय ते सगळं मनाच्या तयारीचं आहे, जणू ज्याला जमत नाही त्याचीच काही कमतरता. माझी कमतरता एकच, दुसरीकडे घर घ्यायला पैसे नाहीत.

न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचा अभ्यास आठवतो, अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांचा, १९७५ चा. शाळेच्या एका बाजूला उन्नत रेल्वेमार्ग. त्या बाजूच्या वर्गात दर साडेचार मिनिटांनी गाडीचा गडगडाट, शिकवणं थांबायचं. शांत बाजूच्या मुलांच्या मानाने ही मुलं सहावीपर्यंत वाचनात जवळजवळ वर्षभर मागे पडलेली होती. इमारत तीच, शाळा तीच. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. रुळांखाली रबराचे तुकडे बसवले, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली, आणि पुन्हा तपासलं तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांतला फरक उरला नव्हता. कुणीही मुलांना मन एकाग्र करायला शिकवलं नाही. रबर लावलं.

म्हणून माझं म्हणणं, शांतता हा आधी रस्ते, रूळ, भोंगे आणि भिंतींचा विषय आहे. साधना नंतर.

अर्धविराम

पटलं. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये "आवाजाचं जमेल तेवढं केलं" असं एका ओळीत उडवलंय, ते मला परवडलं म्हणून उडवता आलं.

भुंगा

+१ रुळांलगत. कार्यालयात आमचा एकच मोठा हॉल. मला मोठ्या आवाजाचं काही वाटत नाही, एसीची घरघर तर ऐकूही येत नाही. छळतात ते फोनवर बोलणारे. दोघंजण समोरासमोर बोलत असले तर चालतं, पण एकाच बाजूचं बोलणं कानावर पडलं की काम थांबतंच. यावर २०१० साली प्रयोगही झालाय: अर्धवट ऐकू येणारं संभाषण पूर्ण संभाषणापेक्षा जास्त लक्ष खातं. पुढे काय येणार याचा अंदाज बांधत मेंदू गाळलेल्या जागा भरत बसतो. आणि शेजारचा बाबा रोज "हो... नाही... अरे पण तिने असं का केलं?" इथे थांबतो. काय केलं तिने, देवाला ठाऊक!

प्रश्न: हेडफोनवर नुसता पाऊस लावून बसलं तर ते शांततेत धरायचं का?

धिनधा

@भुंगा, धरा की. इथे हजेरी कोण घेतंय.

तबला शिकणाऱ्याचं अवांतर: तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं असतं. तुकड्यांच्या मध्ये थोडी जागा सोडली तर ती दमदार तिहाई, न सोडता सलग वाजवली तर बेदम. गुरुजी म्हणतात, बोल कुणीही पाठ करतो, मधला दम मोजता आला पाहिजे. मी हमखास तिथेच घाई करतो. हात रिकामा राहिला की वाटतं, लोकांना वाटेल हा विसरला.

उशाशी

वर्षभर वडिलांच्या आजारपणात त्यांच्या उशाशी होतो. एवढंच सांगायला आलो.

त्यांना त्रास मोठ्या आवाजाचा नव्हता. दाराबाहेर आम्ही डॉक्टरांशी हळू बोलायचो त्याचा होता. कुजबुज सुरू झाली की ते मान न हलवता डोळे दाराकडे वळवायचे. पुढे कळलं की फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या रुग्णसेवेवरच्या पुस्तकात नेमकं हेच लिहून ठेवलंय, रोग्याच्या खोलीत चाललेली कुजबुज म्हणजे क्रौर्य, कारण तो कान देऊन ऐकायचा प्रयत्न करणारच. त्यानंतर आम्ही दोनच गोष्टी ठेवल्या. बोलायचं ते खोलीत, नेहमीच्या आवाजात. नाहीतर गप्प बसायचं.

गप्प बसणं मला आधी जमायचं नाही. पांघरूण सारखं कर, गोळ्या मोज, खिडकी उघड, परत लाव. एक दिवस ते म्हणाले, "जरा टेक रे." टेकलो. अर्धा तास काही बोललो नाही. त्यांचा हात पांघरुणाबाहेर होता, नखं वाढली होती. ती मी संध्याकाळी कापली. रोज तिथे असून तोवर दिसली नव्हती.

खडूफळा

उशाशी, नमस्कार तुम्हाला.

रातकिडा

आठवडाभराने परत आलोय. @पाचवा_मजला यांची गाडीची युक्ती करून पाहिली. बॉनेटखालची टिकटिक ऐकत बसलो. ती लांबत जाते तसा पुढच्या 'टिक'ची वाट बघायला लागतो आणि तेवढा वेळ शिट्टीकडे लक्ष नसतं. शिट्टी होतीच. पण मी तिच्याकडे बघत नव्हतो. रोज करीन असं म्हणत नाही.

कोरीपाटी

मीही एक सांगते. रविवारी वडिलांना फोन केला. त्यांचं वय झालंय आता, बोलणं कमीच. नेहमी मीच भरभर बोलून फोन ठेवते. या वेळी माझं झाल्यावर थांबले. खडूफळा सरांसारखी पेरं मोजली. सात झाली, आठ झाली. पोटात गोळा आलाच. मग ते म्हणाले, "आवाज येतोय ना?"

"येतोय," म्हटलं.

मग गुडघ्याचं सांगत बसले, वीस मिनिटं.

शंकासुर

वा.

अवांतर: अर्धविराम ताई, पहिल्या दिवसापासून विचारायचं राहतंय. फ्रीज थांबताना बाटल्या वाजण्याइतका हलत असेल तर त्याचे पाय समपातळीत आहेत का बघा. पुढचे पाय फिरवून खालीवर करता येतात. आणि मागे भिंतीला टेकला असेल तर चार बोटं पुढे ओढा, नाहीतर भिंतही त्याच्यासोबत गुणगुणते.

अर्धविराम

बघितलं. डावा पाय अधांतरी होता.